बेलपानाचा रुपया

राज्य कोणाचे, हे नाण्यावरून ओळखावे अशी जुनी रीत आहे. सत्तेवर आलेल्या माणसाने दोन गोष्टी आधी करायच्या: शुक्रवारच्या खुतब्यात आपले नाव वाचवून घ्यायचे आणि टांकसाळीत आपल्या नावाचा शिक्का पाडायचा. इतिहासकारही हीच कसोटी लावतात आणि पुष्कळदा ती कामाला येते. पश्चिमी क्षत्रपांची वंशावळ आपल्याला जुळवता आली ती बव्हंशी त्यांच्या चांदीच्या बारीक नाण्यांवरून. राजाचे नाव, बापाचे नाव आणि शक वर्ष तिथे छापलेले आहे. पण हीच कसोटी मराठी मुलखातल्या राज्यकर्त्या बायकांना लावली की हाती काहीच लागत नाही. अठराव्या शतकात इथे बायकांनी किल्ले लढवले, फौजा पाठवल्या, न्याय केला, दौलती सांभाळल्या. चांदीच्या रुपयावर मात्र त्यांचे नाव नाही. त्यावरून एक निष्कर्ष सहज काढला जातो: या बायका मुलाची किंवा सासऱ्याची गादी राखत होत्या, स्वतः राज्यकर्त्या नव्हत्या. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. त्या काळच्या मराठी रुपयावरचे नाव राज्य कोणाचे हे सांगतच नव्हते. ते सांगण्याची जागा नाण्यावर दुसरीकडे होती, आणि तिथे पाहिले तर निदान एका बाईचे राज्य स्वच्छ दिसते.

औंधपासून सुरुवात केली तर हे नीट कळते, कारण औंध संस्थान ज्या पदावर उभे राहिले ते पदच दुसऱ्याच्या नावाने कारभार करण्याचे. जिंजीच्या धामधुमीत राजाराम महाराजांनी प्रतिनिधीपद निर्माण केले आणि त्याला अष्टप्रधानांच्या वरचा मान दिला. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. पुढे ते पद किन्हईच्या परशुराम त्रिंबकांकडे आले आणि त्यांच्याच घराण्यात राहिले. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला त्यांचा मुलूख आज सातारा, सांगली आणि विजापूर या जिल्ह्यांत वाटला गेला आहे. परशुराम त्रिंबकांची मोठी कामगिरी घडली ती ताराबाईंच्या काळात. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले, त्याच वर्षी साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला, आणि त्यानंतरची सात वर्षे ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून मोगलांशी झुंज चालू ठेवली. त्या सात वर्षांची रचना पाहण्यासारखी आहे. परशुराम त्रिंबक लढत होते छत्रपतींच्या नावाने. छत्रपती होता एक लहान मुलगा. आणि हुकूम सुटत होते त्याच्या आईचे. तिघांपैकी ज्याचे नाव पुढे होते त्याच्या हाती काहीच नव्हते. तरीही परशुराम त्रिंबकांच्या नावाचा रुपया नाही म्हणून त्यांच्या पराक्रमाबद्दल कोणी शंका घेत नाही. पेशव्यांच्या मुद्रेतही आधी शाहू छत्रपतींचे नाव यायचे आणि मग आपण त्यांचे प्रधान असे सांगितलेले असायचे. त्यावरून पेशव्यांच्या हाती सत्ता नव्हती असेही कोणी म्हणत नाही. मग ही शंका बायकांच्याच बाबतीत का निघावी?

अठराव्या शतकात यमाईच्या दर्शनाला औंधला आलेल्या यात्रेकरूच्या पिशवीत कोणती नाणी असतील याचा विचार करावा. तांब्याची शिवराई असणारच. तिच्या एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति अशी अक्षरे. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी ही नाणी काढली. १६८० मध्ये ते गेले, पण त्यांच्या नावाची शिवराई त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे पाडली जात राहिली. एखादा चांदीचा रुपया असेल तर त्यावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचे नाव असेल, आणि शतकाच्या उत्तरार्धात ते शहाआलमचे. म्हणजे एका नाण्यावर फार पूर्वी निवर्तलेला राजा आणि दुसऱ्यावर हजार मैलांवरचा, स्वतःच्या राजधानीतही सुरक्षित नसलेला बादशहा. १७८८ मध्ये गुलाम कादिरने शहाआलमचे डोळे काढले आणि महादजी शिंद्यांनी त्याला पुन्हा तख्तावर बसवले. पण रुपयावरच्या फारसी बैतात हाच बादशहा सातही खंडांवर शिक्का चालवत होता. महादजींच्या मुलखातला रुपयाही त्याच्याच नावाचा. सर्वांत बोलका दाखला ईस्ट इंडिया कंपनीचा आहे. बंगाल जिंकून, दिवाणी घेऊन, अर्ध्या हिंदुस्थानची मालक झालेली कंपनी कलकत्त्यात यंत्रावर रुपये पाडत होती आणि त्यांवर शहाआलमचे नाव व त्याच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष तसेच गोठवून ठेवत होती. शहाआलम १८०६ मध्ये वारला. त्याच्या नावाचा रुपया कंपनीने सोडला तो १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमचा चेहरा छापायला घेतल्यावर. कंपनीच्या हाती सत्ता होती की नव्हती, हा प्रश्न कोणी तिच्या रुपयावरून सोडवायला जात नाही.

नाव मग का छापायचे? कारण रुपया राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. बुऱ्हाणपूरच्या, सुरतेच्या, पुण्याच्या सराफाकडे तो गेला पाहिजे आणि कमीत कमी बट्टा कापून त्याने तो घेतला पाहिजे. बादशहाचे नाव म्हणजे वजनाचा आणि कसाचा सगळ्यांना माहीत असलेला जुना करार होता. ११ ग्रॅमच्या आसपासची, जवळजवळ शुद्ध चांदी, इतकाच त्या फारसी ओळींचा बाजारातला अर्थ. छत्रपतींना हे ठाऊक होते. शाहू महाराजांनी १७१९ मध्ये चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा बादशहाकडूनच मिळवल्या, आणि त्याच सनदांच्या बळावर मराठ्यांनी पुढे बादशाही मुलूख पोखरला. बादशहाचे नाव घ्यायचे आणि आपला अंमल बसवायचा, यात त्यांना विसंगती वाटत नव्हती.

हा रुपया कसा घडत होता तेही पाहिले पाहिजे, कारण वाद अखेर चांदीच्या एवढ्याशा तुकड्यावरच्या जागेचा आहे. चांदी भट्टीत शुद्ध करायची, तिच्या कांड्या ओतायच्या, कांडीचे तुकडे तोडायचे, प्रत्येक तुकडा तराजूत घालून जास्तीची चांदी कातरायची किंवा कमी पडली तर चिकटवायची. मग तुकडा तापवून, ठोकून वाटोळा आणि चपटा करायचा, आंबट पाण्यात उजळायचा. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला. त्यावर ही चकती ठेवायची, वरचा ठसा एकाने हातात धरायचा आणि दुसऱ्याने घणाचा एकच घाव घालायचा. जगभर मध्ययुगीन नाणी अशीच पडली आणि आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातही पडत राहिली. या पद्धतीत एक गोष्ट ठरलेली असते. ठशाचा घेर चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे पूर्ण मजकूर कोणत्याच नाण्यावर उमटत नाही. घाव जरा डावीकडे पडला की शहाआलममधला आलम उडतो, उजवीकडे पडला की साल उडते. कडेला चिरा पडतात, एखादे अक्षर दोनदा उमटते. बादशहाचे नाव अर्धवट असले तरी रुपया चालतो, कारण ते नाव वाचून रुपया घेणारे थोडेच. फारसी येणारा माणूस गावात एखादा. रुपया ओळखला जातो तो त्यावरच्या खुणेवरून. फारसी ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत ठसे कोरणारा एखादे फूल, अंकुश, सूर्य, तलवार, पान कोरतो. ती खूण सराफाला, शेतकऱ्याला, शिपायाला, अक्षरशत्रूलाही कळते. अंकुशाच्या खुणेचा तो अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी. लोकांनी चांदीला बादशहाच्या नावाने क्वचितच हाक मारली. हाक मारली ती खुणेने किंवा टांकसाळीच्या गावाने. राज्यकर्त्याला आपल्या प्रजेला काही सांगायचे असेल तर ते सांगण्याची जागा रुपयावर हीच होती.

आता महेश्वरचा रुपया घ्यावा. अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेले. त्यानंतर २८ वर्षे, १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत, दौलतीचा कारभार त्यांच्या हातात होता. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे, पण खजिना, वसुली, न्याय आणि पत्रव्यवहार बाईंकडे. नर्मदेकाठच्या महेश्वरला त्यांनी राजधानी नेली आणि तिथल्या टांकसाळीतून जो चांदीचा रुपया बाहेर पडला त्यावर शहाआलमचे नाव आहेच. मागच्या बाजूला मात्र फारसी ओळींमध्ये एक शिवलिंग आहे आणि एक बेलाचे पान. शिवलिंग लहानच, काही ठोकेच पुरतील इतके. शाळुंकेची पसरट रेघ आणि तिच्यावर उभा बाण. बेलपानाची तीन दले देठाशी जुळलेली. कोरणाऱ्याने दोन्ही आकार इतके साधे ठेवले आहेत की झिजलेल्या रुपयावर आजूबाजूची अक्षरे पुसट झाली तरी ते ओळखू येतात. अहिल्याबाईंच्या हुकमांवर त्यांचे स्वतःचे नाव नसे, श्रीशंकर असे लिहिलेले असे. राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या वतीने कारभार पाहतो, ही त्यांची भूमिका कागदावर होती तीच चांदीवर आली. औंधच्या प्रतिनिधींचे, म्हणजे पंतांचे, पद छत्रपतींच्या वतीने कारभार करण्याचे होते. अहिल्याबाईंनी स्वतःला देवाची प्रतिनिधी केले. परक्या बाजारासाठी बादशहा, आपल्या रयतेसाठी शंकर, आणि त्या दोन नावांच्या मध्ये कारभारीण स्वतः. नाव न घालता राज्य कोणाचे हे सांगण्याची याहून स्पष्ट रीत मला दिसत नाही, कारण त्या काळी शंकराच्या नावाने हुकूम कोण सोडते हे होळकरशाहीत प्रत्येकाला माहीत होते.

यावर पहिला आक्षेप नाणेतज्ज्ञांकडून येईल, आणि तो हलका नाही. खूण म्हणजे टांकसाळीची खूण, तिच्यात राज्यकर्त्याचे मन शोधू नये, असे ते म्हणतील. मराठी मुलखातल्या टांकसाळी बहुधा सोनारांना किंवा सावकारांना मक्त्याने दिल्या जात. सरकार आपला वाटा घेई आणि वजनाची, कसाची अट घालून देई. मक्तेदाराने आपला माल ओळखू यावा म्हणून काहीतरी कोरले, एवढाच त्याचा अर्थ. हे पुष्कळ टांकसाळींबाबत खरे आहे. पण महेश्वरबाबत ते पुरेसे नाही. टांकसाळ राजधानीत, बाईंच्या नजरेसमोर. खूण तीच जी हुकमांवर शब्दांनी येते. आणि इंदूरचा म्हणजे मल्हारनगरचा होळकरी रुपया पुढे ज्या सूर्यमुखाने ओळखला गेला ते महेश्वरच्या रुपयाचे चिन्ह नाही. एका घराण्याच्या दोन गावांच्या रुपयांना वेगवेगळी ओळख असते तेव्हा निवड झालेली असते. शिवाय मक्तेदार खूण सुचवत असेल, ती मंजूर कोण करते? वजन आणि कस यांची जबाबदारी ज्याच्यावर, त्याने आपली म्हणून मान्य केलेली ती खूण. रुपया खोटा निघाला तर दोष शहाआलमच्या माथी कोणी मारणार नव्हते. तो महेश्वरच्या माथी येणार होता. बेलपान कोरून आपल्या देवाला अशा रुपयाचा जामीन ठेवणे हा किरकोळ निर्णय नव्हता. सराफ चांदी पाहतो, खूण पाहत नाही, असे म्हणणेही अर्धेच खरे. प्रत्येक रुपया तापवून, घासून कस काढायला वेळ कोणाला असतो? खुणेवर विश्वास बसला की कसोटीचा दगड पेटीत राहतो. खुणेला किंमत येते ती अशी, आणि ती पत वर्षानुवर्षे खरी चांदी दिल्यावरच जमते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. लिंग आणि बेलपान अहिल्याबाईंनंतरही महेश्वरच्या रुपयावर चालू राहिले. मग ही खूण त्यांची कशी म्हणावी, ती गावाची किंवा घराण्याची झाली. हा आक्षेप मला उलट आपल्याच बाजूचा पुरावा वाटतो. शिवराईवरचे नाव शिवाजी महाराजांच्या मागे शंभर वर्षे चालले म्हणून ते नाव शिवाजी महाराजांचे नव्हते असे कोणी म्हणेल का? चांगल्या राज्याची खूण वारसांना टाकवत नाही, कारण बाजाराचा तिच्यावर विश्वास बसलेला असतो. अहिल्याबाईंच्या मागून होळकरशाहीत तंटे माजले, लढाया झाल्या, यशवंतराव होळकरांनी पुणे लुटले. अशा दिवसांत तेच बेलपान चांदीवर राहिले, ते पूर्वी कमावलेल्या विश्वासावर रुपया चालावा म्हणूनच. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. एखादा सुटा महेश्वरी रुपया हातात घेऊन तो बाईंच्या काळातला की नंतरचा हे नुसत्या खुणेवरून ठरत नाही. त्यासाठी साल वाचावे लागते, आणि घणाच्या घावाने साल पुष्कळदा उडालेले असते.

तिसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे. इतर ठिकाणी बायकांनी आपले नाव नाण्यावर घातलेच ना? दिल्लीच्या रझियाने १२३६ ते १२४० या काळात चांदीचे टंके काढले. अजमेरच्या चाहमानांची राणी सोमलदेवी हिच्या नावाची नाणी बाराव्या शतकातली आहेत. जहांगीरने नूरजहानचे नाव आपल्या नावाशेजारी रुपयावर येऊ दिले. आसामात अठराव्या शतकातच, अहिल्याबाईंच्या काही दशके आधी, शिवसिंहाच्या राण्या फुलेश्वरी, अंबिका आणि सर्वेश्वरी यांनी आपापल्या नावाची आठकोनी चांदीची नाणी पाडली. जर्मनीत क्वेडलिनबर्गच्या मठाधिपतीण बाया बाराव्या शतकात कागदासारख्या पातळ चांदीवर स्वतःची आकृती ठोकून घेत. तेव्हा नाव न घालणे ही काळाची सक्ती नव्हती. आपल्याकडच्या बायकांना ते घालू दिले नाही, आणि तुम्ही त्याला तात्त्विक मुलामा देता आहात, असे कोणी म्हणेल. या यादीकडे जवळून पाहिले तर तिच्यातून वेगळेच निघते. रझियाच्या टंक्यावर ती अल्तमशची मुलगी असल्याचे सांगितलेले आहे, आणि नाव असूनही तिचे राज्य चार वर्षे टिकले नाही. नूरजहानचे नाव रुपयावर आले ते नवऱ्याच्या मर्जीने, आणि १६२७ मध्ये तो गेल्याबरोबर ते गेले. इंग्लंडची मटिल्डा तर सर्वांत स्पष्ट उदाहरण: ११४० च्या दशकात तिच्या पक्षाने तिच्या नावाचे चांदीचे पेनी पाडले, पण तिला राज्याभिषेक कधी झाला नाही आणि देश तिच्या हाती आला नाही. नाण्यावरचे नाव हा दावा असतो. दावा खरा ठरतो, खोटा ठरतो, अर्धा राहतो. राज्य प्रत्यक्ष चालले की नाही हे दाव्यावरून कळत नाही. मटिल्डाकडे नाव होते आणि राज्य नव्हते. अहिल्याबाईंकडे २८ वर्षे राज्य होते आणि नाव नव्हते. आणि त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांनीही ते घातले नव्हते. मल्हाररावांच्या, तुकोजींच्या, महादजींच्या नावाचा रुपया शोधून पाहावा. बाईंना डावलले असे म्हणायचे तर आधी पुरुषांना मिळालेला मान दाखवावा लागेल, आणि तो तिथे नाहीच.

तरी या आक्षेपातला एक भाग मी सोडू शकत नाही. आपल्याच मुलखात, जुन्नर परिसरात, सातवाहनांचे चांदीचे एक नाणे मिळाले आहे. त्यावर सातकर्णीच्या नावाबरोबर नागनिकेचे नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका राणीचे नाव चांदीवर चढले आणि आपल्याला आज ते वाचता येते. नाणेघाटाच्या गुहेतला तिचा लेख तिने केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणांचे आकडे सांगतो; नाणे ते सांगत नाही, फक्त नाव सांगते, आणि तेही पतीच्या नावाला जोडून. पण समजा, नाणेघाट कोसळला असता, लेख गेला असता, तरी त्या एका तुकड्यावरून नागनिका उरली असती. अहिल्याबाईंचे सगळे कागद जळाले असते आणि फक्त महेश्वरचे रुपये उरले असते, तर दोन हजार वर्षांनंतरच्या माणसाला शहाआलम कळला असता, शंकर कळला असता. बाई कळल्या नसत्या. खूण समकालीनांशी बोलते. ज्यांना संदर्भ माहीत आहे त्यांना ती पुरेपूर समजते, आणि संदर्भ हरवला की मुकी होते. नावाचा हा फायदा खराच आहे.

म्हणूनच नाव पुसले जाण्याची खरी जागा कोणती, हे नीट पाहायला हवे, आणि त्यासाठी पुन्हा औंधच्या पंतांच्या घराकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींचे दुसऱ्या बाजीरावाशी बिनसले आणि त्यांना मसूरला कैदेत ठेवण्यात आले. त्यांच्या घरात राहणाऱ्या, तेली समाजातल्या एका बाईने वासोट्याचा किल्ला हाती घेतला, माणसे जमवली आणि पंतांना सोडवले. पंतांनी आपण साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक, पेशव्यांचे नव्हे, असे जाहीर केले. इथेही राज्य करायला दुसऱ्याचेच नाव लागले. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखल्यांनी पंतांचा पराभव केला, त्या लढाईत पंतांचा हात गेला, ते पकडले गेले. बाई मात्र कोयनेच्या जंगलातल्या त्या किल्ल्यावर पुढे सुमारे आठ महिने लढत राहिल्या, धान्याच्या कोठाराला आग लागेपर्यंत. इतके सगळे कळते, आणि त्या बाईला इतिहास ताई तेलीण म्हणतो. म्हणजे एक आदराची हाक आणि एक जात. पंतांचे वडील कोण, आजोबा कोण, सगळे लिहिलेले आहे. वासोट्यावर टांकसाळ नव्हती आणि ती असण्याची गरजही नव्हती. बाईंचे नाव नाण्यावर नसल्याचे मला वाईट वाटत नाही. ते बखरीत, पत्रांत, जमाखर्चात धडपणे नोंदले गेले नाही याचे वाटते. पुरुषांची नावे नाण्यावर नसली तरी कागदांत राहिली आणि इतिहास तिथून भरला गेला. बायकांचा तोटा कागदावर झाला. अहिल्याबाई आपल्यापर्यंत आल्या त्या महेश्वरच्या दफ्तरामुळे, नागपूरपासून पुण्यापर्यंत गेलेल्या पत्रांमुळे आणि सोमनाथ, काशी, गयेच्या बांधकामांमुळे. चांदीने त्यांना साथ दिली ती या सगळ्याच्या सोबतीने.

होळकरांच्याच घरात नाव घालण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तोही पाहावा. यशवंतराव होळकरांनी शके १७२८ म्हणजे १८०६ मध्ये संस्कृत श्लोकांचा एक देखणा चांदीचा रुपया काढला. त्यावर यशवंताच्या मुद्रेची कीर्ती पृथ्वीवर पसरल्याचे म्हटले आहे. नागरी अक्षरे, स्वतःचे नाव, स्वतःचा शक. पण त्याच रुपयाच्या दुसऱ्या बाजूला ही मुद्रा इंद्रप्रस्थी बसलेल्या चक्रवर्तीच्या प्रसादाने पाडली असेही आहे. इंग्रजांशी एकट्याने झुंजलेला, आपल्या तलवारीशिवाय कोणाचे देणे न लागणारा हा माणूस स्वतःचे नाव कोरतानाही दिल्लीचे नाव सोडू शकला नाही. आणि तो रुपया बाजारात रुळला नाही. तो मानाचा, नजराण्याचा राहिला. बाजारात पुढेही फिरत राहिले ते शहाआलमच्या नावाचे आणि होळकरी खुणांचे रुपये.

तेव्हा संग्रहालयांतल्या आणि सूचींतल्या नोंदी बदलायला हव्यात, एवढे मागणे या सगळ्यातून निघते. मराठी रुपयाखाली शहाआलम दुसरा एवढेच लिहून थांबणे म्हणजे कंपनीच्या रुपयाखाली कंपनीचे नाव न लिहिण्यासारखे आहे. नाव कोणाचे, खूण कोणती, टांकसाळ कोणत्या गावची आणि त्या वेळी त्या गावात अंमल कोणाचा, या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. महेश्वरच्या ज्या रुपयावर लिंग आणि बेलपान आहे आणि ज्याचे साल हिजरी ११८१ ते १२१० मध्ये वाचता येते, त्याच्या नोंदीत राज्यकर्त्याच्या रकान्यात अहिल्याबाई होळकर हे नाव यावे, कंसात नाही आणि शहाआलमच्या नावानंतर स्वल्पविराम देऊनही नाही. ज्यावरचे साल उडाले आहे तिथे महेश्वर, होळकर, साल अवाच्य असे लिहावे आणि ठशांची तुलना करून तो रुपया कोणत्या वर्षाच्या जवळचा ते शोधावे. एकाच ठशाने पाडलेल्या दोन रुपयांपैकी एकाचे साल शाबूत असते, दुसऱ्याचे नसते. खुणेचा नेमका आकार, पानाच्या दलांची ठेवण, लिंगाशेजारच्या ठिपक्यांची संख्या जुळली तर पहिल्याचे साल दुसऱ्याला देता येते.